वाचून दाखवल्याची तारीख

दिगू,

तुझ्या शोकसभेत मी अकरा मिनिटं बोललो. तुझ्या विभागातल्या एकाने ती मोजली होती, नंतर माझा हात धरून म्हणाला, "सर, भरून आलं अगदी." मी 'व्रतस्थ' हा शब्द वापरला. 'निःस्पृह' वापरला. तू पहिल्या रांगेत असतास तर खोकला असतास. चर्चासत्रात कोणी मोठाले शब्द उधळायला लागला की तुला जो खोकला यायचा, तो. टेबलावर तुझा फोटो होता. त्याला घातलेला हार जरा मोठा झाला होता आणि पंख्याच्या वाऱ्याने सारखा तुझ्या तोंडावर येत होता. बोलता बोलता मी तो दोनदा बाजूला केला. लोकांना वाटलं, केवढी माया. मला मात्र तुझे डोळे झाकलेले बरे की उघडे, हेच ठरवता येत नव्हतं.

त्या अकरा मिनिटांत मी एक गोष्ट सांगितली नाही. तीन वर्षांत तुलाही सांगितली नव्हती. आपल्या गाण्यांच्या यादीत बुधीबायच्या तिसऱ्या गाण्यापुढे 'वाचून दाखवलं' म्हणून जी तारीख आहे, ती खोटी आहे. त्या दिवशी मी पाड्यावर गेलोच नव्हतो. तारीख मी घरी खुर्चीत बसून लिहिली. आणि त्या तारखेपायी एक लेक आपल्या आईशी बोलेनाशी झाली. हे तुला सांगायचं राहून गेलं, असं म्हणणं सोपं आहे. राहून गेलं नाही, मी लपवलं.

हे मी 'खळ्या'वरच, आपल्या नियतकालिकावरच टाकणार आहे. तेव्हा आपल्याला न ओळखणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगावं लागेल. तू कंटाळू नकोस.

तू मुरबाडला मराठी शिकवायचास, मी शहापूरला. मधलं ठिकाण म्हणून आपण शेणव्याच्या नाक्यावर भेटायचो. तू मोटरसायकलवर, मी सापगावच्या पुलावरून येणाऱ्या मिळेल त्या जीपने. तिथल्या हॉटेलात मागच्या बाकावर आपले सगळे वाङ्मयीन वाद झाले. एकदा तू माझा छापून आलेला लेख घेऊन आलास. फी घेऊन पंधरा दिवसांत लेख छापणाऱ्या एका नियतकालिकातला होता तो. पदोन्नतीला तेव्हा असेच लेख लागायचे आणि आपण दोघांनीही ते छापून घेतले होते. "शेवटची दोन पानं वाच," तू म्हणालास. ती दोन पानं दुसऱ्याच कोणाच्या लेखाची होती. माझी कुठे गेली होती कोण जाणे. अंक निघून वर्ष झालं होतं.

तू हसून हसून चहा सांडलास. हॉटेलवाला म्हणाला, "मास्तर, हसा, पन माझा ग्लास फोडू नका." मग तू तो अंक मिटलास. "म्हणजे हे कोणी वाचतच नाही," म्हणालास. "लिहिणारासुद्धा."

त्यातून 'खळं' निघालं. लिहिणाऱ्याकडून पैसे नाहीत, वाचणाऱ्याकडून नाहीत. छापील अंक नाही, सगळं इंटरनेटवर, मोबाइलवर उघडेल असं. लेख तपासणाऱ्याचं नाव लेखाखाली ठळक. मी त्याला विरोध केला होता, आठवतं? मी म्हणालो, नाव कळलं की संबंध बिघडतात. तू म्हणालास, "नाव लिहायला लाज वाटत असेल तर मत कशाला देतोस? गप घरी बस." आणि नावाबद्दल म्हणालास की खळ्याला कुंपण नसतं, येणारा-जाणारा कोणीही भात बघतो, पण ते कोणाचं आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. मला त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग फार आवडला. दुसऱ्या अर्ध्याकडे मी लक्ष दिलं नाही.

तुझं लक्ष दुसऱ्या अर्ध्याकडेच होतं. आपण पाड्यापाड्यांवरची गाणी गोळा करून त्यांवर लेख लिहायला लागलो, तेव्हा तू नियम घातलास. ज्या बाईचं गाणं, तिला आपण लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायचं. गाणंही आणि त्याबद्दल आपण काय म्हटलंय तेही. ती म्हणेल ते काढायचं, का ते विचारायचं नाही. मगच ते वर चढवायचं. गाण्यांच्या यादीत तू एक रकाना वाढवलास: 'वाचून दाखवलं', पुढे तारीख. तो रकाना भरला नसेल तर तू लेखाला हात लावायचा नाहीस. मोठ्या विद्यापीठातल्या एका बाईंचा लेख तू त्यासाठी आठ महिने अडवलास. मुंबईहून त्यांचे फोन यायचे आणि तू म्हणायचास, "मॅडम, ती बाई वीटभट्टीवर गेलीय, पावसाला परत येईल. थांबू या."

डोळखांबच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरची बुधीबाय तुला सापडली. हे तिचं खरं नाव नाही. वय साठीचं असेल. भाताच्या आवणीला, म्हणजे चिखलात रोपं लावताना, बायका जी गाणी म्हणतात त्यांत तिचा आवाज पुढे असायचा. तू तिला 'मावशे' म्हणायचास आणि अरेतुरे करायचास, तीही तुला करायची. मी 'मावशी, तुम्ही' म्हणायचो. तिला त्याचं हसू यायचं.

पहिलं गाणं तू वाचून दाखवलंस तेव्हा मी शेजारी होतो. तू चार ओळी वाचल्यास आणि ती हात उडवून म्हणाली, "आरं मास्तर, कानात बोळे हायत का तुझ्या? ह्यो शबूद मी म्हनलाच नाय!" तू पुन्हा ध्वनिमुद्रण लावलंस. तिचंच बरोबर होतं. मग माझी पाळी आली. माझ्या लेखात 'सामूहिक श्रमसंस्कृतीतील लयतत्त्व' असं काहीतरी होतं. मी ते वाचलं. तिने अर्धं पान ऐकून घेतलं आणि तुला विचारलं, "ह्यो काय बोलतो रे? मना शिव्या देतो का?" तू एवढा हसलास की तिची कोंबडी पडवीतून पळाली. परत येताना मोटरसायकलवर मागे बसून मी रुसलो होतो. तू मान न वळवता ओरडून सांगितलंस, "झूल फार घातलीस रे. खाली बैल कुठंय ते दिसत नाही." तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात लाल अक्षरांत तुझा शेरा असायचा: झूल काढ.

आता तो शेरा नाही. हे लिहिताना मी चार वाक्यं खोडली, पण ती तू खोडली असतीस की नाही ते मला कळत नाही. पन्नास ओलांडलेल्या माणसाला दुसरा असा वाचक मिळत नाही. विभागात आम्ही तिघं आहोत, एकमेकांचे लेख आम्ही 'छान' म्हणून परत देतो.

तर ते तिसरं गाणं. मी ते आदल्या वर्षीच्या आवणीत बांधावर छत्री धरून ध्वनिमुद्रित केलं होतं. शेवटची दोन कडवी बुधीबायने त्या दिवशी तिथल्या तिथे जोडली होती. ती तिच्या लेकीच्या सासरबद्दल होती. चिखलात वाकलेल्या आठ-दहा बायका ती ऐकून गप्प झाल्या आणि मग त्यांनी ती उचलून धरली. त्या कडव्यांत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं ते पुरे झालं. मला मात्र त्या वेळी घबाड सापडल्यासारखं वाटलं. सबंध लेख मी त्या दोन कडव्यांवर उभा केला. अस्सलपणासाठी तिचं पूर्ण नाव घातलं, पाड्याचं घातलं.

पुढच्या जुलैत लेख तयार झाला. ऑगस्टमध्ये माझी पदोन्नतीची मुलाखत होती. आपलं नियतकालिक मान्यताप्राप्त यादीत जाणार अशी तेव्हा हवा होती आणि मला आणखी एक लेख हवा होता. तू म्हणालास, रकाना भर, मी लगेच चढवतो. एका रविवारी मी निघालो. डोळखांबपर्यंत गेलो. पुढे ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी चाललं होतं. एक म्हातारा म्हणाला, "उद्या-परवा उतरंल, सर. आज नका जाव." मी तिथे भजी खाल्ली आणि परत आलो. पाणी दोन दिवसांत उतरलं. मी पुन्हा गेलो नाही. मनाला समजावलं की आधीच्या दोन गाण्यांत तिने फक्त उच्चार सुधारले होते, काढायला काहीच सांगितलं नव्हतं, मग तिसऱ्यात काय सांगणार? आणि माझं वाचलेलं तिला कळतं तरी कुठे? हे दुसरं कारण आज लिहायला नको वाटतं, पण ते तेव्हा मनात होतं. मी रकान्यात त्या रविवारची तारीख लिहिली. तू त्याच संध्याकाळी लेख चढवलास.

गणपतीनंतर बुधीबायच्या मुलाचा फोन आला. लेखाखाली माझा नंबर होता.

"सर, आईचं गानं तुमी टाकलंय का मोबाइलवर?"

"हो. का रे?"

"ताईच्या दिराला भेटलं ते. त्यानं घरात समद्यांसमोर वाचलं. लय झालं तितं. आई सांगते, तिला कोनी इचारलंच नाय."

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "असं कसं? वाचून दाखवलं होतं. आमचा नियमच आहे. त्यांचं वय झालंय, विसरल्या असतील."

"असंल," म्हणाला आणि फोन ठेवला. तो भला माणूस, मास्तर खोटं बोलेल असं त्याला वाटलं नाही. त्याने बहिणीला तसंच सांगितलं. लेकीच्या लेखी मग गोष्ट अशी झाली: आईला सगळं वाचून दाखवलं होतं, आई हो म्हणाली होती, आणि आता विसरल्याचं सोंग करते आहे. तिने माहेरी येणं बंद केलं.

त्याने तुलाही फोन केला होता. दुसऱ्या दिवशी तू मला शेणव्याला बोलावलंस. चहा मागवलास आणि घेतला नाहीस.

"तू गेला होतास ना?"

"हो."

"नक्की?"

मी म्हणालो, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" दिगू, हे वाक्य मी आयुष्यात एकदाच उच्चारलं आणि ते खोटं झाकायला. तू मोटरसायकलची किल्ली बोटात फिरवत बसलास. मग उठलास आणि डोळखांबच्या रस्त्याला लागलास. मी आलो त्या वाटेने शहापूरला परत गेलो. रात्री पाहिलं तर लेख काढलेला होता. त्या जागी एक ओळ होती: 'संपादकाच्या चुकीमुळे हा लेख मागे घेतला आहे.' संपादक तू होतास. मी सहसंपादक. ती ओळ मी कितीदा वाचली, सांगता येणार नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा जे वाटलं ते मात्र सांगतो. मला सुटल्यासारखं वाटलं.

लेख काढून काही सुटलं नव्हतं. आपणच मुक्त परवाना दिला होता, कोणीही घ्या, कुठेही वापरा, फक्त श्रेय द्या. तोवर दोन संकेतस्थळांनी तो उचलला होता आणि एका प्रबंधात ती दोन कडवी परिशिष्टात गेली होती, तिच्या नावासकट. तू एकेकाला पत्रं लिहायला बसलास. तेव्हा आपलं सगळ्यांत मोठं भांडण झालं. मी म्हणालो, मुक्त म्हणजे मुक्त. एकदा सोडलेलं परत मागायचं तर मग आपल्यात आणि कुलूप लावणाऱ्यांत फरक काय? अभ्यासाची नोंद पुसू नये. तू म्हणालास, "नोंद तुझी आहे. गाणं तिचं आहे. खळ्यावर भात पसरलंय म्हणून तू पोतं भरून नेशील का?" मी परदेशातल्या चर्चांचे दाखले दिले. तू ऐकून घेतलेस आणि म्हणालास, "पुढच्या वेळी बोलू." पुढच्या प्रत्येक वेळी आपण दुसरं काहीतरी बोललो. तो वाद अर्धाच राहिला. तत्त्व म्हणून माझं अगदीच चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण त्या दिवशी मला तत्त्वाची पडली नव्हती. आडोसा हवा होता, तो मी घेतला.

पदोन्नती झाली. तू घरी आलास. मुलांनी तुला पेढा दिला, तू तो खाल्लास, पाणी प्यालास आणि निघताना चप्पल घालत म्हणालास, "आता तुला वेळ मिळेल." कशाला, ते मी विचारलं नाही.

तू गेल्यावर पंधरा दिवसांनी वहिनींनी बोलावून घेतलं. दिवाणावर तुझा लॅपटॉप ठेवला होता, झाकणावर तुझ्या धाकटीने चिकटवलेलं फुलपाखरू. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमचं 'खळं' आता तुम्हीच बघा. पासवर्ड मला सांगून ठेवला होता ह्यांनी, पण मला त्यातलं काय कळणार?" मग म्हणाल्या, "तुमच्याशिवाय दुसरं होतंच कोण त्यांना." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, रडतोय.

शहापूरला येऊन यादी उघडली. बुधीबायच्या तिसऱ्या गाण्यापुढे माझी तारीख तशीच होती. तू लेख काढलास, पत्रं लिहिलीस, त्या प्रबंधाच्या मार्गदर्शकाला चार वेळा गाठून ते परिशिष्ट बदलून घेतलंस, पण ती तारीख खोडली नव्हतीस. मी ती खोडायला कर्सर नेला आणि थांबलो. आधी जिथे जायचं होतं तिथे गेलं पाहिजे, एवढं तरी कळलं.

मी मागच्या आठवड्यात पाड्यावर गेलो. ओढा कोरडा होता. बुधीबाय अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने मला पाहिलं आणि काम थांबवलं नाही. "बस," म्हणाली. "त्या मास्तरचं कळलं मना. पोरानं सांगितलं. चांगला व्हता रे."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. वाटेत चार वाक्यं तयार केली होती, ती सगळी झुलीची निघाली. शेवटी म्हणालो, "मावशी, त्या पावसात मी इथे आलो नव्हतो. तुम्हाला काही वाचून दाखवलं नव्हतं. आणि तुम्ही विसरलात असं मी तुमच्या मुलाला खोटं सांगितलं."

तिने फुलं पसरणं थांबवलं. "ते मना काय सांगतोस? मी हितंच व्हते ना. मी काय येडी हाय का, कोन आलं नि कोन नाय ते मना ठाव नाय?"

फुलांवर आलेली कोंबडी तिने हुसकली.

"त्या मास्तरला बी तवाच सांगितलेलं मी."

"दिगूला?"

"मंग! हितंच बसलेला, तू बसलास तितं. म्हनला, मावशे, खरं सांग, कोन आलता का वाचायला? मी म्हनलं, कोन नाय आलं."

"मग तो काय म्हणाला?"

"काय नाय. लय येळ बसला. मंग म्हनला, चूक माझी हाय."

म्हणजे त्याच दुपारी तुला कळलं होतं. त्यानंतरची तीन वर्षं तू माझ्यासमोर बसून चहा प्यालास, माझ्या मसुद्यांवर लाल शेरे मारलेस, माझ्या थोरल्याच्या प्रवेशासाठी ठाण्याला खेपा घातल्यास. एकदाही विचारलं नाहीस. दिगू, मला याचा राग आला. खरंच आला, तिथे त्या अंगणातच. एकदा गचांडी धरून विचारायचं होतंस. तू मला मी सांगेन त्या दिवसाकरता सोडून दिलंस आणि तो दिवस येईपर्यंत थांबला नाहीस. आता हा राग मी कोणावर काढू?

बुधीबाय माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मना सांगून काय उपेग रे? माझं काय अडलंय? पोरीला सांग. ती म्हनते, आये, तुला वाचून दावलेलं, तू व्हय म्हनलीस. तीन दिवाळ्या झाल्या, आली नाय. बाजाराला बसते ती. लांबून बगते मी तिला."

"मी येतो तुमच्याबरोबर."

"खोटं नको बोलूस तितं," ती म्हणाली, आणि पुन्हा फुलं पसरायला लागली.

मधल्या दोन दिवसांत मी दोन कामं केली. तुझी ती ओळ बदलली. आता तिथे माझं नाव आहे, मी काय केलं ते आहे आणि संपादकाचा त्यात दोष नव्हता हेही आहे. दुसरं, आमच्या प्राचार्यांना पत्र दिलं, की ज्या लेखावर मला पदोन्नतीत गुण मिळाले तो मी नियम मोडून छापला होता. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि शिपायाकडून माझी फाइल मागवली. पानं उलटून म्हणाले, "अहो, हा लेख छाननीतच काढला होता. नियतकालिक यादीत नव्हतं. तुमचे गुण बाकीच्यांवर पुरले. तुम्हाला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. "मग आता कशाला उकरून काढता?" म्हणाले आणि पत्र परत दिलं. मी ते पुन्हा त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. जिन्यात मला हसू फुटलं आणि ते सांगायला कोणी नव्हतं. शेणव्याच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो. हॉटेलवाल्याने मागच्या बाकाकडे बघून विचारलं, "एकच ना?" मी म्हणालो, "एकच."

बाजाराच्या दिवशी बुधीबाय आणि मी गेलो. कुठल्या बाजारात ते लिहीत नाही. या भेटीतलं काय लिहायचं ते लेकीने मला सांगितलं आहे, तेवढंच लिहितो. ती गोणपाटावर वालाच्या शेंगांचा ढीग लावून बसली होती. आईला पाहिलं आणि तोंड दुसरीकडे केलं. बुधीबाय चार पावलांवर थांबली. मी पुढे जाऊन उकिडवा बसलो. तिला वाटलं गिऱ्हाईक. तिने तागडी उचलली.

मी सांगितलं. मी कोण, ते गाणं कोणी लिहून घेतलं, कोणी टाकलं. तिच्या आईला ते कोणी कधीच वाचून दाखवलं नव्हतं. आई विसरली नव्हती, मी खोटं बोललो होतो. तिच्या भावालाही खोटंच सांगितलं होतं. चार वाक्यांत झालं सगळं. ज्याला मला तीन वर्षं लागली त्याला तागडी हातातून खाली ठेवण्याइतका वेळ पुरला.

तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ती माझ्या खांद्यावरून मागे आईकडे बघत राहिली. मग गोणपाटाची एक कड झटकून जागा केली आणि म्हणाली, "उनात का उभी? बस ना, आये." बुधीबाय येऊन बसली आणि शेंगा निवडायला लागली. दोघी बराच वेळ शेंगाच निवडत होत्या. मी उठलो. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं.

दहा पावलं गेलो असेन, मागून हाक आली, "ओ मास्तर!" मी परत गेलो.

"तो दुसरा कुटं हाय? चष्मेवाला?" लेकीने विचारलं. "मागं घरी आलता माझ्या. ऐन उनाचा, चालत. म्हनत व्हता, तुझ्या आयचा काय दोष नाय, चूक माझी. मना वाटलं, आयनंच पाठवलाय. दारातनंच घालवला त्याला."

तू तिच्याकडेही गेला होतास. हेही मला सांगितलं नव्हतंस.

"पानी पन इचारलं नाय मी," ती म्हणाली. "त्याला सांग, चुकलं माझं."

मी म्हणालो, "तो गेला, ताई. मागच्या महिन्यात."

तिचा हात शेंगांत तसाच राहिला. आईने मान हलवली, खरं आहे म्हणून. शेजारचा कांदेवाला भाव ओरडत होता. लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "तरी सांग."

म्हणून सांगतो, दिगू. त्या दिवशी तू उन्हातून गेलास आणि तिने तुला पाणी विचारलं नाही. तिचं चुकलं, असं तिने सांगितलं आहे.